किण्वाचे हरवलेले दप्तर

आजचा धागा एका जिवंत दस्तऐवजाविषयी आहे. नेहमीपेक्षा यात माहितीबरोबर माझे मतही अधिक आहे, हे आरंभीच सांगून ठेवते.

१७९६ च्या नोव्हेंबरात ‘सिडनी कोव्ह’ नावाचे एक व्यापारी जहाज कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतीकडे निघाले. मद्य, तांदूळ, चहा, चिनी मातीची भांडी असा त्यावरचा माल. १७९७ च्या फेब्रुवारीत टास्मानियाच्या उत्तरेस एका लहान बेटापाशी ते गळके जहाज उथळ पाण्यात टेकवावे लागले. खलाशांनी वाचवलेला माल त्या बेटावर जपून ठेवला, म्हणून बेटाचे नावच ‘प्रिझर्व्हेशन’ पडले. १९७७ मध्ये त्या जहाजाचे अवशेष सापडले. उत्खननात वर आलेल्या बाटल्यांपैकी काहींत बिअर शिल्लक होती आणि ती लाँसेस्टन येथील क्वीन व्हिक्टोरिया संग्रहालयात पोहोचली. तेथील डेव्हिड थरोगुड या अभ्यासकाने सहकाऱ्यांसह त्या बिअरमधून यीस्ट वाढवून दाखवले, आणि २०१८ मध्ये त्याच यीस्टवर आंबवलेली बिअर ऑस्ट्रेलियात विक्रीस आली.

हिंदुस्थानच्या बंदरातून निघालेले यीस्ट सव्वादोनशे वर्षांनी जागे झाले. त्या बाटल्यांतली बिअर मूळची कोणत्या देशातली, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. आपल्याकडे अठराव्या शतकातील तलवारी आहेत, होन आहेत, मोडी रुमालांचे ढीग आहेत. मग त्या काळातील एखादे यीस्ट आपल्याकडे का नाही? ते आपल्याकडे नव्हतेच, असे तर म्हणता येत नाही.

याचे उत्तर शोधण्यापूर्वी यीस्ट साठवतात कसे, हे समजून घ्यायला हवे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्राचे भय वाटते. तसे कारण नाही. ज्याच्या घरी विरजण लागते त्याला यातील निम्मे आधीच ठाऊक असते. कालच्या दह्यातला चमचाभर अंश आजच्या दुधात जातो, आजच्यातला उद्याच्या. घरातले विरजण संपले तर शेजारून वाटीभर मागून आणायचे. अशा रीतीने एखादे विरजण तीन पिढ्या आणि चार गल्ल्या फिरते, आणि त्याची नोंद कोणत्याही कागदावर नसते. (‘आनंदावर विरजण पडणे’ हा वाक्प्रचार आपण वाईट अर्थाने का वापरतो, हे एक कोडेच. ज्याच्यावाचून दही होत नाही त्याची ही बदनामी.)

दह्यात जीवाणू काम करतात, बिअर, माडी आणि पाव यांत यीस्ट. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. ती साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. खाद्य संपले की पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसतात आणि झोपी जातात. तळाचा तो पांढुरका गाळ म्हणजेच पुढच्या आंबवणाचे बीज. घरी बिअर करणारे जगभरचे हौशी लोक ज्याला ‘लिक्विड यीस्ट’ म्हणतात, ते म्हणजे असा निजलेला, ओला, जिवंत गाळ. कारखान्यातून निघताना एका लहान पाकिटात साधारणपणे शंभर अब्ज पेशी असतात. फ्रीजमध्ये ठेवले तरी त्यांतील सुमारे वीस टक्के दर महिन्याला मरतात, असा हौशी मंडळींचा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे सहा महिन्यांचे जुने पाकीट जवळजवळ स्मशानच. पण त्यात काही जणी जाग्या असतात.

त्यांना उठवण्याची कृती मला इतिहासकाराच्या कामासारखी वाटते. घाई केली की दस्तऐवज फाटतो. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कोरडा माल्ट अर्क विरघळवून पंधरा मिनिटे उकळायचा, झाकून गार करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. त्यांना प्राणवायू मिळावा म्हणून भांडे मधूनमधून हलवायचे. एक-दोन दिवसांत द्रावण गढूळ होते, फेस येतो, मग तळ बसू लागतो. पाकीट फार जुने असेल तर एकदम लिटरभर खाद्य देऊ नये. पाव लिटरभर पातळ द्रावणापासून आरंभ करावा आणि जाग आली की टप्प्याटप्प्याने वाढवावे. दुबळ्या पेशींना दाट गोड द्रावणात टाकले तर त्या साखरेच्या ताणानेच दगावतात; शिवाय थोड्या पेशी आणि पुष्कळ खाद्य अशी स्थिती असली की बाहेरचे जंतू आधी पंगतीला बसतात.

कोल्हापुरात राहणाऱ्याला येथे पहिला विचार गुळाचा येणार. गुळाच्या पाण्यात यीस्ट वाढते, यात शंका नाही. परंतु माल्टमधील मुख्य साखर माल्टोज असते. नुसत्या ऊसाच्या साखरेवर पोसलेले यीस्ट माल्टोजसमोर आले की अडखळते, आणि गुळात यीस्टला लागणारे नत्रही पुरेसे नसते. ज्या खाद्यावर पुढे काम करायचे तेच बालपणी खाऊ घालावे, असा हा साधा नियम.

साठवण्याचे मार्ग अनेक. गाळ उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन काचेच्या बरणीत भरावा आणि फ्रीजमध्ये चार अंशांच्या आसपास ठेवावा. काही आठवडे तो चांगला राहतो. झाकण मात्र सैल हवे, नाहीतर आत साठलेल्या वायूने बरणी फुटते. आगरच्या तिरक्या थरावर नळीत वाढवले तर काही महिने. ग्लिसरीन मिसळून गोठवले तर आणखी कितीतरी अधिक; ग्लिसरीनमुळे बर्फाचे स्फटिक पेशींना फाडत नाहीत. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये मात्र तापमान सतत खालीवर होते, म्हणून नळ्या थर्माकोलच्या डबीत ठेवाव्या लागतात.

मला सर्वांत मोह पडतो तो एका साध्या पद्धतीचा. आल्डो कॅस्तेलानी हा इटालियन वैद्य विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबोत काम करत होता. बुरशीचे नमुने नुसत्या निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवले तर ते दीर्घकाळ जिवंत राहतात, हे त्याने १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. खाद्य नाही, म्हणून वाढ नाही, म्हणून झीजही फारशी नाही. हौशी लोक आता यीस्टही असेच ठेवतात, आणि त्यासाठी फ्रीज लागत नाही. भारनियमनाच्या उन्हाळ्यात ज्यांनी परीक्षेचा अभ्यास केला आहे त्यांना या पद्धतीचे मोल समजेल.

आता इतिहासाकडे येऊ.

शालेय पुस्तकात आपण ‘किण्वन’ हा शब्द शिकलो. परिभाषा समितीने घडवलेला, कोरडा शब्द वाटतो तो. पण ‘किण्व’ हा शब्द कौटिलीय अर्थशास्त्रात आहे, आणि तेथे तो अगदी ओल्या, हाताला लागणाऱ्या वस्तूसाठी आला आहे. दुसऱ्या अधिकरणातील पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा, म्हणजे मद्यखात्याच्या अधिकाऱ्याचा. त्यात किण्व तयार करण्याचे प्रमाण दिले आहे: उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, एक द्रोण, त्याहून एक तृतीयांश अधिक तांदूळ, आणि मोरटा वगैरे वनस्पती एकेक कर्ष. हे मिश्रण बांधून ठेवायचे. झारखंडात हंडियासाठी वापरली जाणारी ‘रानू’ची गोळी किंवा मणिपूरमधील ‘हमेई’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन लगेच ओळखीचे वाटेल. तांदळाचे पीठ आणि वनस्पती यांच्या गोळ्यात यीस्ट व इतर बुरश्या वाळवून ठेवतात आणि गरज पडली की पुन्हा ओल्या करून जागवतात. किण्वबंध हाही असाच साठवणुकीचा प्रकार असावा, असे माझे वाचन आहे. फ्रीजच्या दोन सहस्रके आधीची ही यीस्टची पेढी.

त्याच अध्यायातील आणखी दोन तरतुदींकडे मुद्दाम लक्ष वेधते. पहिली: सुरा आणि किण्व यांच्यासंबंधीचे निवडण्या-गोळा करण्याचे काम स्त्रिया आणि मुले करतील, असे तेथे म्हटले आहे. दुसरी: कुटुंबवत्सल गृहस्थाला विशेष कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे; उत्सव-यात्रांच्या वेळी तर चार दिवसांची सवलत. कौटिल्य हा महसुलाच्या बाबतीत दयाळू माणूस नव्हे. मिठापासून गणिकांपर्यंत सर्वांवर त्याचा कर आहे. तरीही घरच्या मडक्यापाशी तो थांबतो.

मुंबई सरकार तेथे थांबले नाही.

मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. त्यामागची मुख्य बुद्धी चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याची. मद्य गाळणे परवान्याखाली आणि शक्यतो मोठ्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांत आणायचे. माडी-ताडीच्या प्रत्येक झाडावर कर बसवायचा. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदा झाला. ज्या फुलांची भाकरी होते, जी दुष्काळात पोट भरतात, ती साठवणे हाच संशयाचा विषय ठरला. या कायद्यांनी भंडारी, वारली, कातकरी यांच्या उपजीविकेवर काय परिणाम झाला, यावर अभ्यासकांनी लिहिले आहे. माझा मुद्दा त्याच्या शेजारचा आहे. आंबवणाचे मडके हाच जेव्हा गुन्ह्याचा पुरावा होतो, तेव्हा मागच्या खेपेचा गाळ जपून ठेवणे परवडत नाही. मडके फोडले जाते, नदीत टाकले जाते. पुढच्या खेपेस जे काही हवेतून आणि फुलावरून येईल त्यावर भागवावे लागते. यीस्टची परंपरा म्हणजे सातत्य. या कायद्यांनी ते सातत्य तोडले, असे माझे मत आहे. आणि अबकारी अहवालांचा सारा रोख गॅलन आणि रुपयांवर असल्याने तुटलेल्या गोष्टीची नोंदही झाली नाही.

कालगणना पाहा म्हणजे विरोध अधिक टोचतो. १८७६ मध्ये पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ आला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, आणि मालक याकोब्सेनने ते इतर बिअरवाल्यांनाही खुले केले. त्याच काळातल्या एका बाटलीतून कार्ल्सबर्गने २०१३ मध्ये जिवंत पेशी मिळवल्या आणि २०१६ मध्ये त्यांवर बिअर केली. म्हणजे ज्या दशकात युरोपात यीस्टला नाव, नळी आणि पत्ता मिळत होता, त्याच दशकात आपल्याकडचे यीस्ट पंचनाम्यात जात होते.

स्वतः इंग्लंडात काय झाले? १८८० च्या कायद्याने तेथेही घरी बिअर करणाऱ्याला परवाना घ्यावा लागू लागला. आपल्या कायद्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. फरक पुढे पडला. ब्रिटनने ती अट १९६३ मध्ये काढून टाकली. अमेरिकेत १९७८ मध्ये कार्टर यांच्या सहीने घरगुती बिअर करमुक्त झाली, आणि तेथील लहान बिअरवाल्यांच्या आजच्या भरभराटीचे मूळ त्या हौशी स्वयंपाकघरांत सापडते. आपल्याकडे १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्यामुळे करवीरकरही त्याच कक्षेत आले. नाव बदलून तो कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा येथे गुन्हा आहे. हा धागा वाचून कोणी तो प्रयोग करू नये. पावासाठी यीस्ट जागवायला मात्र कोणाचा परवाना लागत नाही, आणि वर सांगितलेल्या साऱ्या कृती त्यालाही लागू पडतात.

पाव म्हटला की गोवा आलाच. गोव्याचा पोदेर पिढ्यान्‌पिढ्या सूर घालून, म्हणजे ताज्या माडीवर, पीठ फुगवत असे. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत सणाचे फुगे ताडीवर फुगत. रेंदेर झाडावर चढायचा, मडक्यातला रस आंबायचा, आणि त्यातले यीस्ट पोदेराच्या भट्टीत जाऊन पाव व्हायचे. येथे साठवणीची गरजच नव्हती. माड हीच पेढी होती, रोज उघडणारी. आता झाडावर चढणारे हात कमी झाले, बाजारचे यीस्ट स्वस्त झाले, आणि बहुतेक भट्ट्यांतून सूर गेला. गोव्यात याबद्दल हळहळ व्यक्त होते. परंतु त्या सुरातले यीस्ट गावोगाव गोळा करून ठेवण्याइतकी निकड त्या हळहळीत मला दिसत नाही.

ठेवायला जागा नाही, असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. जीवाणू, बुरश्या, यीस्ट यांचे हजारो नमुने तेथे थंडीत वाळवून काचेच्या कुप्यांत किंवा अतिशीत अवस्थेत जपलेले असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो, आणि संशोधकांना ते मागवता येतात. माझ्या दृष्टीने हे पेशवे दफ्तराच्या तोडीचे पुराभिलेखागार आहे. इतिहास विभागातून तेथे कोणी जात नाही, इतकेच.

येथे कोणी विचारील, की दारूच्या गाळासाठी एवढा उमाळा कशाला? महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. नवऱ्याच्या दारूने ज्यांचे संसार बुडाले त्यांच्यासमोर ‘वारसा’ हा शब्द उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच त्याचा रोख कोठे आहे हे नीट पाहिले पाहिजे. त्या बायका दुकानाविरुद्ध उभ्या राहिल्या. दुकानातली देशी दारू येते साखर कारखान्याच्या मळीतून, आसवनीतून, महसुलाच्या साखळीतून. आमच्या जिल्ह्यात ऊस आहे, कारखाने आहेत, आसवन्या आहेत; तेथे यीस्ट प्रचंड टाक्यांत कायदेशीरपणे काम करते आणि त्यातून निघालेले इथेनॉल पेट्रोलमध्येही जाते. १८७८ च्या कायद्याने दारू संपवली नाही. घरच्या मडक्यातून काढून ती परवान्याच्या भट्टीत नेली, आणि मडके सांभाळणाऱ्या बाईच्या हातातले ज्ञान तेवढे संपवले.

यातून दोन मागण्या निघतात. एक कायद्याची आहे. मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मर्यादित मुभा आहे. महाराष्ट्रातही विक्रीविना, ठरावीक मापापर्यंत, सज्ञानांना घरी आंबवण्याची सवलत असावी, आणि तिचा आरंभ ज्यांच्याकडून हे ज्ञान हिरावले गेले त्यांच्यापासून व्हावा. शहरी हौशी मंडळींनी, म्हणजे आपण, रांगेत मागे उभे राहावे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलली’ सुरू झाल्यापासून ताज्या बिअरचे कौतुक पुष्कळ झाले. पेला आपला, पाणी आपले, आणि यीस्टचे पाकीट बहुधा परदेशी, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

दुसरी मागणी तुमच्याकडे आहे, आणि तिला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकरी ‘क्वाइक’ नावाचे यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपत आले. लार्स मारियुस गार्शोल हा पेशाने संगणकतज्ज्ञ. तो शेतावर-शेतावर गेला, म्हाताऱ्या माणसांशी बोलला, नमुने प्रयोगशाळांपर्यंत पोहोचवले आणि २०२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आज जगभरचे हौशी ते यीस्ट वापरतात. ते पस्तीस-चाळीस अंशांतही स्वच्छ काम करते, ही आपल्या उन्हाळ्याच्या दृष्टीने गंमतीची गोष्ट. हे काम करायला गार्शोलला विद्यापीठाची नेमणूक लागली नाही.

मे महिन्यात तुमच्यापैकी कितीतरी जण गावी जाल: कोकणात, चंदगडकडे, जव्हारला, गडचिरोलीला. तेथे मडके शोधू नका. माणसांना अडचणीत आणणारे काहीही लिहू नका, नावे तर अजिबात नकोत. फक्त शब्द आणि कृती विचारा. मागच्या खेपेचा गाळ ठेवत का? कशात: मडक्यात, कापडात, राखेत, भोपळ्यात? पावसाळ्यात तो कसा टिकवत? मेला तर कोणाकडून आणत, आणि त्याच्या बदल्यात काही देत का? माहेरचे विरजण सासरी नेत का? आणि मुख्य म्हणजे त्या गाळाला त्यांच्या बोलीत काय म्हणत? तालुक्याच्या नावासह तो शब्द खाली लिहा. आलेल्या शब्दांची यादी मी पुढच्या धाग्यात जशीच्या तशी मांडीन.